नलूचा दुभाषी आणि माझा संशय

नलू, तू गेलीस एवढ्यावर माझा विश्वास आहे, कारण ते मी स्वतः पाहिलं. बायका दहनघाटावर येत नसतात असं तुझ्या सासूबाई म्हणाल्या, तरी मी आले. बाकी गेल्या पंधरवड्यात तुझ्याबद्दल जे जे कानावर पडलं, त्यातलं निम्मंसुद्धा मला पटलेलं नाही. आपल्या संगणक केंद्रातल्या शोकसभेत साहेब म्हणाले, नलिनीताईंचा आवाज कधी चढला नाही. मी मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटलं मी रडते आहे, आणि मला तर हसू आवरत नव्हतं. साहेबांच्या केबिनचं दार तू एकदा असं आपटलं होतंस की काचेला तडा गेला. तो तडा अजून आहे, साहेबांनी त्यावर कॅलेंडर लावलंय. सभेत बसल्या जागेवरून मला ते दिसत होतं.

तेव्हा तुझी स्तुती दुसऱ्यांनी करावी. मला तुला एक विचारायचं आहे, आणि ते सोडून दुसरं काही सुचत नाही.

तुला माहीत होतं का?

आपण बऱ्या होणार नाही, हे तुला माहीत होतं का? दिवाळीपासून आम्ही सगळे तुझ्यासमोर अल्सर, अल्सर करत होतो. डॉक्टर म्हणत होते, तुझा नवरा, आमचे भाऊजी, म्हणत होते, तुझ्या सासूबाई देवाला नवस बोलताना पण मोठ्याने अल्सरच म्हणायच्या. शेवटी मी पण म्हणाले. आणि तू प्रत्येकाला ‘बरं’ म्हणालीस. माझा संशय त्या ‘बरं’वर आहे. माझं साधं ‘आज डबा आणला नाही’ हे वाक्यसुद्धा तू कधी वाद घातल्याशिवाय मान्य केलं नाहीस, आणि एवढी मोठी गोष्ट मुकाट्याने मान्य केलीस?

तू म्हणायचीस, मी संशयाने पोखरलेली बाई आहे. आहे मी. लावलेलं कुलूप मी ओढून पाहते, पोस्टात टाकलेल्या पत्रासाठी पेटीच्या फटीत डोकावते. पण हे काही मी आईच्या पोटातून आणलेलं नाही. छप्पन साली आमच्या घराने दीक्षा घेतली तेव्हा मी आईच्या कडेवर होते, असं ती सांगते. माझ्या आठवणी त्यानंतरच्या, आणि त्यात कचेरीच्या खिडक्याच फार. बाबा कन्हानकडे कोळशाच्या खाणीत होते. दाखला, शिष्यवृत्ती, काही ना काही कामासाठी रजा काढून मला घेऊन नागपूरला यायचे. खिडकीतला बाबू आमचं आडनाव वाचायचा, चष्म्यावरून बघायचा आणि म्हणायचा, झालं, जा आता. महिन्याने जावं तर कागद हललेला नसायचा. आम्हाला ‘झालं’ म्हणून सांगितलं की समजावं, झालेलं नाही. हे मी पाढे पाठ व्हायच्या आधी शिकले.

तू नागपूरच्या महाल पेठेतली. तुझे वडील खिडकीच्या आतल्या बाजूला बसणारे. तुमच्या घरात झालं म्हणजे झालंच असायचं. हे मी तुला तोंडावर बोलून दाखवलं होतं, आठवतं ना? मला वाटलं तू चिडशील. तू चहाचा कप खाली ठेवलास आणि म्हणालीस, “म्हणूनच तं मले तपासाले तू पाहिजे वं.” त्या वाक्यावर पण मी घरी जाऊन दोन दिवस संशय घेतला.

सदर भागातल्या आपल्या त्या केंद्रात तू प्रोग्रॅम लिहिणार आणि मी ते मोडून दाखवणार, अशी वाटणी होती. बाहेर मे महिन्याचं नागपूर भाजून निघत असायचं, आणि आपण दोघी मशीनच्या गार खोलीत स्वेटर घालून, चपला दाराबाहेर काढून बसलेल्या. तुझ्या स्वेटरला हळदीचा डाग होता. तो धुतला की जाईल असं तू वर्षानुवर्षं सांगत आलीस.

मग ती नवीन मशीन आली आणि तुझं ते वेड सुरू झालं. जुनी मशीन आता थकली होती, तिचे सुटे भाग मिळत नव्हते. नवीवर जुनी सिस्टीम चालत नव्हती, आणि ती बनवणारी कंपनी आपल्याला दारात उभी करत नव्हती. साहेबांनी वरून मंजुरी आणली की आपणच आपली सिस्टीम लिहू. तू कुठून तरी एका परदेशी मासिकाच्या पुसट झेरॉक्स मिळवल्यास आणि म्हणालीस, लहान कर्नल लिहू. मायक्रोकर्नल. सिस्टीमच्या गाभ्यात अगदी थोडं ठेवायचं. फाइली सांभाळणारा वेगळा, प्रिंटर सांभाळणारा वेगळा, पडदा आणि कीबोर्ड सांभाळणारा वेगळा. गाभ्याने फक्त ह्याचा निरोप त्याला पोचवायचा. साहेबांना त्यातलं ‘लहान’ आवडलं, लवकर होईल असं त्यांना वाटलं. मला त्यातलं काहीच आवडलं नाही. एकाच्या हातातलं काम चौघांच्या हातात गेलं की चुकीचा धनी सापडत नाही, असं मी म्हणाले. तू म्हणालीस, उलट एकाच्या हातात सगळं असलं की तो पडला तर सगळंच पडतं. हा वाद आपण सदरच्या चौकातल्या त्या चहाच्या टपरीवर इतक्यांदा घातला की टपरीवाला आपल्याला पाहिलं की रेडिओ मोठा करायचा.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. जुन्या मशीनवरचे प्रोग्रॅम कुठे टाकायचे? ते तर जुन्या सिस्टीमला हाका मारायला शिकलेले. ही फाइल उघड, ही ओळ लिही, किती वाजले सांग. आपल्या धंद्यात या हाकांना सिस्टीम कॉल म्हणतात. नव्या घरात त्या हाका कोणालाच कळणार नाहीत. सगळे प्रोग्रॅम नव्याने लिहायचे तर आपण दोघी निवृत्त झालो असतो. म्हणून तू मध्ये एक थर घातलास. जुनी हाक ऐकायची, तिचं नव्या भाषेतल्या निरोपात रूपांतर करायचं, ज्याचं काम त्याच्याकडे पोचवायचं, आणि आलेलं उत्तर परत जुन्या भाषेत प्रोग्रॅमला द्यायचं. घर बदललं आहे हे प्रोग्रॅमला कळताच कामा नये. तू त्याचं नाव ठेवलंस दुभाषी.

काय जीव लावला होतास त्याला. जुन्या सिस्टीमच्या खोडीसुद्धा तू त्याला शिकवल्यास. फाइलचं नाव लांब असलं की जुनी सिस्टीम न सांगता त्याचं शेपूट कापायची. तुझा दुभाषी पण तसंच कापायचा. मी म्हणाले, अगं, ही तर जुनी चूक आहे, ती कशाला पुढे न्यायची? तू पुस्तक उघडून ती ओळ दाखवलीस. मॅन्युअलमध्ये लिहिलं आहे, म्हणजे ते वचन आहे, आणि वचन मोडायचं नाही. आणि जे पुस्तकात लिहिलेलं नाही, त्याचं काय? ते आपण देणं लागत नाही, असं तू म्हणालीस. अगदी तुझ्या वडिलांसारखी बोललीस, आणि ते मी तुला सांगितलंही.

तिथेच ठिणगी पडली. कन्हानकडच्या एका खाणीचा तो बत्तीघराचा प्रोग्रॅम आपल्याकडे होता. खाणीत उतरणारा प्रत्येक माणूस बत्तीघरातून आपल्या नंबरची बत्ती घेतो, वर आला की परत टांगतो. कोणाची बत्ती जागेवर नाही, त्यावरून खाली कोण आहे ते कळतं. प्रोग्रॅम तेच लिहून ठेवायचा. वीज गेली आणि परत आली तर डिस्कवरून वाचून सांगायचा की इतके जण खाली आहेत, त्यांची नावं ही. आणि वीज तर आपल्याकडे जायचीच.

माझी तपासायची पद्धत तुला ठाऊक. मी काही आकडेमोड करत बसत नाही. मशीन भरात असताना मी भिंतीतला प्लग ओढते. साहेब त्यापायी मला घाबरायचे, मी भिंतीकडे सरकले की ते आडवे यायचे. तर मी बत्तीघराचा प्रोग्रॅम तुझ्या दुभाष्यावर चालवला, माणसं खाली सोडली, पडद्यावर प्रत्येकापुढे ‘नोंद झाली’ असं उमटलं, आणि मी प्लग ओढला. मशीन परत उठली तर शेवटी उतरलेली माणसं यादीत नव्हतीच. पडद्याने त्यांची नोंद झाल्याचं सांगितलं होतं. ती माणसं खाणीत होती आणि जगाच्या लेखी नव्हती.

तुला कारण लगेच कळलं. जुनी सिस्टीम ओळ डिस्कवर गेल्यावरच ‘झालं’ म्हणायची. तुझा दुभाषी निरोप फाइलवाल्याच्या हातात दिला की ‘झालं’ म्हणून मोकळा व्हायचा. फाइलवाला ती ओळ डोक्यात धरून ठेवायचा आणि सवडीने डिस्कवर लिहायचा. तेवढ्यात वीज गेली की डोक्यातलं सगळं साफ. तू पुस्तक उघडलंस. डिस्कवर गेल्यावरच उत्तर देऊ असं जुन्या सिस्टीमने कुठेही लिहिलेलं नव्हतं. ती फक्त तसं करत होती. प्रत्येक वेळी डिस्कची वाट पाहिली तर तुझी सिस्टीम बैलगाडी होईल, असं तू म्हणालीस.

मी म्हणाले, “पुस्तक तू वाचलं. प्रोग्रॅमनं थोडीच वाचलं? तो तं भरवसा ठेवून राहिला.”

तू म्हणालीस, “भरवसा त्याचा. वचन माझं नव्हतं.”

त्या दिवशी मी तुला माझ्या आईचं सांगितलं. बाबांची पाळी सुटायच्या वेळी आई भात टाकत नसे. तांदूळ धुऊन, पाणी मोजून ठेवायची आणि दारात बसायची. बाबांची बत्ती टांगलेली पाहिली असं शेजारचं कोणी सांगत आलं की मगच चूल पेटायची. पाळी सुटली, माणसं निघाली असतील, असं कोणी म्हटलं तर ती हलायची नाही. तू ऐकून घेतलंस आणि स्वेटरची बाही ओढत बसलीस. मला वाटलं, हिला हे कळणार नाही. हिच्या घरी भात वेळेवर होत असणार.

पुढे खाणीचे अधिकारी नवी सिस्टीम पाहायला येणार म्हणून केंद्रात धावपळ सुरू झाली. साहेबांनी समोसे मागवले, पडदे धुतले. तुला केबिनमध्ये बोलावून दार लावून काय ते बोलले. मशीनच्या घरघरीत मला काही ऐकू आलं नाही; तू खोलीत परत आलीस तेव्हा तुझा चेहरा कोरा होता, आणि मी ताडलं: साहेबांनी हिला सांगितलं असणार, पाहुण्यांना वेग दाखवा, बत्तीघराचं नंतर बघू. मी तुला विचारलं. तू म्हणालीस, “पाहून घे ना.” झालं, माझी खात्रीच पटली. त्या दिवशी मी भिंतीजवळच उभी होते. अधिकारी खुर्च्यांवर बसले, साहेब हसतमुखाने समजावून देत होते, आणि सिस्टीम भराभर उत्तरं देत होती. इतकी भराभर की माझ्या अंगाची आग झाली. बत्तीघराचा प्रोग्रॅम लागला, नावं खाली उतरू लागली, आणि मी प्लग ओढला.

साहेबांचा हात समोशासकट हवेत राहिला. एक अधिकारी उठून उभा राहिला. मशीन परत उठली. मग यादी आली. सगळी नावं होती, शेवटी उतरलेल्या माणसासकट. तू कोपऱ्यात उभी राहून चटणी लावून समोसा खात होतीस.

फक्त बत्तीघराच्या नोंदीसाठी दुभाष्याला डिस्कची वाट पाहायला तू आधीच शिकवलं होतंस. बाकी सगळं पहिल्यासारखं वेगात होतं. साहेबांनी केबिनमध्ये वेगाचंच सांगितलं होतं, आणि तू त्यांना नाही म्हटलं होतंस. दाराच्या काचेला तडा गेला तो त्याच वेळी, हे मला खूप नंतर शिपायाकडून कळलं. त्या दिवशी मी जिन्यात तुला गाठलं आणि विचारलं, मला आधी सांगितलं काहून नाही? तू पदराला हात पुसत म्हणालीस, “सांगितलं असतं तं तू मनापासून ओढला नसता. मंग त्या लोकाईले खरं कसं वाटलं असतं?”

मी तीन दिवस तुझ्याशी बोलले नाही. माझा संशय तू कामाला जुंपलास, मला न विचारता. आज त्या गोष्टीचा अभिमान वाटतो, तेव्हा नुसता राग आला होता.

आणि वाद तरी कुठे मिटला? बत्तीघर सोडून बाकीच्या प्रोग्रॅमना तुझा दुभाषी अजूनही आधीच ‘झालं’ म्हणतो. मी टोकत राहिले. तू म्हणायचीस, रेल्वेच्या वेळापत्रकाची एक ओळ गेली तर कोण मरतं? ज्या खोट्याने कोणाचं बिघडत नाही ते चालवून घ्यावं, नाहीतर जग चालायचं नाही. मी म्हणायची, बिघडत नाही हे ठरवणारी तू कोण? हे आपलं शेवटचं भांडण. ते अर्धवट राहिलं, कारण तुझ्या पोटात दुखायला लागलं.

आधी तू ओवा खाल्लास. मग आपल्या टपरीवरचा चहा सोडलास, तेव्हा मी घाबरले. दिवाळीच्या तोंडावर भाऊजींनी तुला डॉक्टरांकडे नेलं, तपासण्या झाल्या, आणि एका दुपारी ते केंद्राच्या दारात उभे राहिले. आत आले नाहीत. मला बाहेर बोलावून, लुनाच्या हँडलला धरून त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी हातच टेकले होते. तिला कळू द्यायचं नाही असं घरात ठरलं होतं. आपल्याकडे असंच करतात, रोग्याला रोगाचं नाव सांगत नाहीत, नाव ऐकलं की माणूस आधीच खचतो म्हणतात. मी म्हणाले, भाऊजी, माझ्याने हे होणार नाही. तिला मी कधी खोटं सांगितलेलं नाही. ते म्हणाले, “ताई, आम्ही सांगितलेलं ती ऐकून घेते. पन तुम्ही सांगितलं तं ती मानंल. तुम्ही तपासल्याबिगर बोलत नाही, हे तिले माहीत आहे.”

पाहिलंस? माझ्या संशयाची जगात जी काही पत होती, ती त्यांनी मागितली.

मी आठवडाभर तुझ्याकडे आलेच नाही. मग आले. तू पलंगावर उशीला टेकून बसली होतीस, हात किती बारीक झाले होते. तुझ्या सासूबाईंनी खिचडी आणून ठेवली होती आणि तू तिला हात लावला नव्हतास. त्या आत गेल्या तसं तू माझ्याकडे सरळ पाहिलंस.

“रत्ना, रिपोर्ट तू पाह्यले का वं?”

“हो.”

“स्वतः?”

“स्वतः पाह्यले. अल्सरच आहे. टाइम लागंल, पन बरी होशील.”

मी ते म्हणाले. माझ्या तोंडाने, अगदी शांतपणे. तू क्षणभर माझ्याकडे बघत राहिलीस. मग “मंग ठीक आहे,” म्हणालीस, ताटली ओढलीस आणि खिचडी खायला लागलीस. मला तिथे बसवेना. रस्त्यावर आले तेव्हा लक्षात आलं की चपला उलट्या घातल्या आहेत.

त्यानंतर मी दर रविवारी येत गेले आणि दर रविवारी नवीन काहीतरी रचून सांगत गेले. तुझ्या चेहऱ्यावर तेज आलंय. आवाज खणखणीत झालाय. पारशिवनीकडची माझी एक मावशी अशाच अल्सरातून उठून शेतात जायला लागली. मला पारशिवनीला मावशी नाही, हे तुला पक्कं माहीत होतं. एकदा दिवसभर वीज नव्हती तेव्हा आपण माझ्या झाडून सगळ्या नातेवाइकांची उजळणी केली होती. तरी तू विचारलंस, मावशी काय खात होती? मी म्हटलं, ज्वारीची पेज. पुढच्या रविवारी तुझ्यापुढे ज्वारीची पेज होती.

इथे माझ्या मनात पाल चुकचुकली. तू मला दुभाष्याच्या पोटात कुठे कुठे काय आहे ते सांगायला लागलीस. कोणत्या हाकेला अर्धंच उत्तर आहे, कुठे तू चालढकल केलीस, कुठे पुढे कधीतरी फुटेल. मी विचारलं, महिन्याभरात कामावर येणार आहेस ना, मग आत्ता कशाला? तू म्हणालीस, रजा लांबली तर. होळीच्या सुमारास तुझा आवाज इतका खाली गेला होता की मी कान जवळ आणून ऐकायची, आणि तरी तू सांगतच होतीस. शेवटी एकदा म्हणालीस, बाकीच्या प्रोग्रॅमचं पण तुझ्या मनासारखं करून टाक, होऊ दे बैलगाडी. जो वाद तू दोन वर्षं हरली नव्हतीस, तो असा सोडून दिलास. मला जिंकल्याचा आनंद झाला नाही. मी रिक्षात बसून विचार करत होते की हिला कोणी सांगितलं? भाऊजी फुटले का? सासूबाईंच्या तोंडून गेलं का? की माझ्याच तोंडावर लिहिलेलं होतं? विचारण्याची सोय नव्हती. तुला माहीत नसतं तर विचारल्याने कळलं असतं.

नलू, मला तुझ्याशी खरं बोलायचं होतं गं. तुझा हात धरून रडायचं होतं, तू माझ्या आयुष्यात आलीस म्हणून मी खिडकीच्या आतल्या बाजूच्या एका तरी माणसावर भरवसा ठेवायला शिकले, हे सांगायचं होतं. ते सांगितलं असतं तर तुला कळलं असतं. म्हणून मी तुला मावशीची पेज सांगत बसले.

काल तुमच्याकडे गेले होते. तुझा स्वेटर केंद्रातच राहिला होता, तो द्यायला. भाऊजींनी चहा केला, साखर विसरले. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग ते म्हणाले, एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तुला माहीत होतं. पहिल्याच आठवड्यापासून. ते औषध आणायला खाली गेले असताना तू डॉक्टरांना सरळ विचारून घेतलंस आणि घरी येऊन त्यांना सांगितलंस. आपल्याला माहीत आहे हे सासूबाईंना कळू द्यायचं नाही, आणि मलाही नाही, असं तूच ठरवलंस. मी अल्सर म्हणून सांगून गेले त्या संध्याकाळी भाऊजी म्हणाले होते, रत्नाताईंचे हाल पाहवत नाहीत, त्यांना तरी खरं सांगून टाकतो. तेव्हा तू त्यांचा हात धरलास.

“म्हणे, तिले जन्मात खोटं बोलता आलं नाही,” भाऊजी तुझे शब्द सांगत होते. “माझ्यासाठी शिकून राहिली. शिकू द्या तिले.”

मी चिडले, नलू. अजून चिडलेली आहे. पुन्हा तेच केलंस, पुन्हा मला न सांगता मला चालवून घेतलंस. तिथे बसून मी तो बिनसाखरेचा चहा प्यायले.

मग निघताना जिन्यात दुसरा विचार आला, माझ्या वळणाचा. भाऊजी फार चांगला माणूस आहे. मी त्या घरात खोटं बोलले याचं मला काय होतं आहे, ते त्यांना दिसतं. माझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून त्यांनी हे सगळं रचलं असेल तर? तुला काहीच माहीत नसेल, तू माझ्या शब्दावर विसंबून पेज खात राहिली असशील, तर?

डॉक्टरांचा दवाखाना माझ्या परतीच्या रस्त्यावरच आहे. दिवे लागले होते, दार उघडं होतं, बाकावर फारसं कोणी नव्हतं. तिने तुम्हाला विचारलं होतं का, एवढंच विचारायचं. ते सांगतील, त्यांना लपवायचं कारण उरलेलं नाही. रिक्षावाला चढावर खाली उतरला होता आणि रिक्षा ओढत चालला होता, इतकी हळू की दवाखान्याची पाटी मला पूर्ण वाचता आली. मी त्याला थांब म्हटलं नाही.